बेळगावच्या पावसात वाळणारा एप्रन: नव्या निवासी डॉक्टरांनी कामाचे कपडे कसे निवडावेत आणि कसे सांभाळावेत

बेळगावात निवासी डॉक्टर म्हणून रुजू होणाऱ्या मुलामुलींच्या सामानात पुस्तके, स्टेथोस्कोप, गादी, इतकेच काय पण कुकरसुद्धा आठवणीने भरलेला असतो. कपड्यांचा विचार मात्र पहिली चोवीस तासांची ड्युटी अंगावर आल्यानंतर सुरू होतो. मी स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्रात रेसिडेन्सी केली, तेव्हा माझेही असेच झाले होते. जुलैचा महिना होता. माझ्याकडे दोनच एप्रन होते, एक रक्ताने माखलेला आणि दुसरा दोरीवर तीन दिवस लोंबकळूनही ओलाच असलेला. त्या सकाळी मी तो ओला एप्रन अंगात घालून राउंडला गेले आणि दिवसभर त्याचा कुबट वास मला स्वतःलाच सहन होईना. ज्या बाळंतिणींना मी तपासत होते, त्यांना तो आला नसेल असे म्हणण्याची सोय नव्हती.

तेव्हापासून कनिष्ठांना मी एकच कसोटी सांगत आले आहे. कामाचा कोणताही कपडा घेताना, तो दिसतो कसा हे पाहण्याआधी, आज रात्री धुतला तर उद्या सकाळी सात वाजता तो अंगात घालता येईल का, हे पाहावे. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरहून उंचावर आणि सह्याद्रीच्या अगदी लगत आहे. जून ते सप्टेंबर इथे झड लागते, जुलै-ऑगस्टमध्ये कित्येक दिवस उन्हाचे दर्शन होत नाही, आणि खानापूर-जांबोटीच्या बाजूला तर त्याहून अधिक पाऊस असतो. अशा हवेत कपडे पुरेसे नसले की माणूस कालचाच मळका एप्रन पुन्हा चढवतो किंवा अर्धओल्या कपड्यांत छत्तीस तास काढतो. पहिल्या प्रकारात एका खाटेवरचे जंतू दुसऱ्या खाटेवर जातात आणि दुसऱ्या प्रकारात स्वतःच्या जांघेत नायटा होतो. दोन्ही गोष्टी मी इतक्यांदा पाहिल्या आहेत की या विषयाला किरकोळ म्हणणे मला जमत नाही.

रुजू होण्यापूर्वी: आधी चौकशी, मग खरेदी

शहरात निवासी डॉक्टरांची मोठी संख्या दोन ठिकाणी असते. एक नेहरूनगरातील १९६३ साली स्थापन झालेले जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय व त्याच्याशी संलग्न प्रभाकर कोरे रुग्णालय, आणि दुसरे जिल्हा रुग्णालयाशी जोडलेली बेळगाव वैद्यकीय विज्ञान संस्था, जिला सगळे ‘बिम्स’ म्हणतात. संस्थेगणिक पद्धत वेगळी असतेच, पण एकाच संस्थेत विभागागणिकही ती बदलते. म्हणून ज्या विभागात जागा मिळाली आहे, तिथल्या दुसऱ्या वर्षाच्या पीजीला, म्हणजे पदव्युत्तर विद्यार्थ्याला, फोन करून पुढील गोष्टी विचाराव्यात. वॉर्डात स्क्रब, म्हणजे सदरा-विजारीचा कामाचा जोड, घालून चालते की रोजच्या कपड्यांवर एप्रन लागतो? एप्रन अर्ध्या बाह्यांचा चालतो का? विभागाचा ठरलेला रंग आहे का? ओटीचे, म्हणजे शस्त्रक्रियागृहाचे, कपडे रुग्णालय देते आणि धुऊन घेते का? ड्युटीरूममध्ये कुलूप लागेल असे कपाट आहे का? या पाच प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत एकही जोड विकत घेऊ नये. विभागाचा रंग हिरवा असताना निळे चार जोड शिवून आणलेल्या एका मुलीला ते पुढे झोपताना घालावे लागले.

कापड आणि शिवण

तयार स्क्रब दुकानात आणि ऑनलाइनही मिळतात आणि घाईच्या वेळी त्याला पर्याय नसतो. तरीही खडे बाजार किंवा गणपत गल्लीतून कापड घेऊन शिंप्याकडून शिवून घेतलेला जोड मला अधिक पसंत आहे, कारण खिसे, नाडी आणि लांबी आपल्या कामाप्रमाणे करून घेता येते.

कापडाचे तीन पर्याय समोर येतात. शुद्ध सुती कापड घाम शोषते, उकळत्या पाण्याला दाद देत नाही आणि कडक इस्त्री सहन करते, परंतु पावसाळ्यात ते वाळायला दोन दिवस घेते. शुद्ध पॉलिस्टर चटकन वाळते, पण त्यात घाम कोंडतो, वास धरून राहतो आणि ठिणगी पडल्यास ते वितळून कातडीला चिकटते. ताणले जाणारे स्ट्रेचचे कापड अंगाला सुखावह असले तरी ब्लीच आणि कडक इस्त्री या दोन्हींनी त्यातील ताण मरतो. यांच्या मधला मार्ग म्हणजे आपण ज्याला टेरिकॉट म्हणतो ते पॉलिस्टर-सुती मिश्रण. ६५ टक्के पॉलिस्टर आणि ३५ टक्के सूत हे प्रमाण रुग्णालयाच्या कपड्यांसाठी सर्वत्र रूढ आहे, आणि बेळगावच्या हवेला तेच सर्वांत सोयीचे पडते. अंतर्वस्त्रे, बनियन आणि मोजे मात्र निव्वळ सुतीच असावेत, त्यात तडजोड करू नये.

सूत असलेले कापड पहिल्या धुण्यात आटते. म्हणून शिंप्याकडे देण्यापूर्वी ते रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून द्यावे. माप देताना ताठ उभे राहून भागत नाही. दोन्ही हात डोक्यावर नेऊन पाहावेत, कारण सलाइनची बाटली टांगताना सदरा वर सरकून पाठ उघडी पडता कामा नये. आणि उकिडवे बसून पाहावे, कारण जमिनीवर पडलेल्या रुग्णाची छाती दाबताना गुडघ्यावर बसावे लागते. विजारीला नुसती नाडी न ठेवता नाडी आणि इलॅस्टिक दोन्ही घालून घ्यावे. नुसती नाडी घाईत सुटते आणि ग्लोव्ह्ज घातलेल्या हातांनी ती बांधता येत नाही.

खिशांबद्दल थोडे सविस्तर सांगते, कारण शिंपी ते नेहमी चुकीच्या जागी लावतो. छातीवरच्या खिशात फोन किंवा टॉर्च ठेवून रुग्णावर वाकलात की ती वस्तू थेट रुग्णाच्या तोंडावर पडते. तिथे एखादे पेन अडकवण्यापुरती उभी चीर पुरे. खरा खिसा मांडीच्या बाजूला, गुडघ्याच्या वर वीतभर अंतरावर, झाकण लावून शिवून घ्यावा. त्यात टॉर्च, चिकटपट्टी, लहान वही आणि गुडघ्यावर ठोकून तपासण्याचा हॅमर एवढे मावले पाहिजे. सदऱ्याच्या खालच्या दोन खिशांपैकी एक सॅनिटायझरसाठी राखावा आणि एक रिकामा ठेवावा. वापरलेली सुई, वापरलेले ग्लोव्ह्ज किंवा रक्ताचा बोळा क्षणभरासाठीही कोणत्याच खिशात जाता कामा नये. खिशात विसरलेली सुई कपडे धुणाऱ्याच्या हातात शिरते.

रंगाविषयी एक समज मला खोडून काढावासा वाटतो. गडद निळा किंवा मरून रंग घ्या, त्यावर डाग दिसत नाही, असा सल्ला सर्रास दिला जातो. डाग दिसलाच पाहिजे, कारण तो दिसला तरच कपडे बदलले जातात. मध्यम निळा किंवा हिरवा रंग बरा. ओटीत हिरवा-निळा रंग असण्यामागेही कारण आहे. सतत लाल रंगाकडे पाहणाऱ्या डोळ्यांना पांढऱ्या पृष्ठभागावर हिरवट छाया दिसू लागतात. पृष्ठभागच हिरवा असला की त्या त्यात विरून जातात आणि डोळे थकत नाहीत.

किती जोड लागतात

हिशेब असा मांडावा. एक जोड अंगावर, एक ड्युटीरूमच्या कपाटात रक्त किंवा उलटी अंगावर उडाल्यास बदलायला, एक धुण्यात आणि दोन दोरीवर. म्हणजे पावसाळ्यात ५ स्क्रब जोड हवेत. डिसेंबर ते मे या कोरड्या महिन्यांत ३ पुरतात. एप्रन किमान ३ आणि ओपीडीचे साधे कपडे ४ जोड असावेत. विद्यावेतन सुरू व्हायला वेळ लागू शकतो, तेव्हा सगळे एकदम घेण्याचा आटापिटा करू नये. आधी ३ स्क्रब आणि २ एप्रन घ्यावेत आणि उरलेले पावसाच्या आत शिवून घ्यावेत.

पायांत काय घालावे

कोल्हापुरी चप्पल ही आपल्या भागाची वस्तू आहे. २०१९ साली तिला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा त्यात महाराष्ट्रातील चार जिल्ह्यांच्या बरोबरीने बेळगाव, धारवाड, बागलकोट आणि विजापूर या जिल्ह्यांचाही समावेश झाला, आणि अथणी-निपाणीकडच्या कारागिरांच्या हातची जोडी पायात असणे ही अभिमानाची गोष्ट आहे. ती लग्नसमारंभाला घालावी, वॉर्डात घालू नये. पुढून उघडी असल्यामुळे पडलेली सुई आणि उडालेले रक्त थेट पायावर येते, आणि कातडे पाणी शोषत असल्यामुळे ती धुता येत नाही. याच कारणाने सँडल आणि साध्या स्लीपरही टाळाव्यात.

बूट पुढून बंद, वरून भोके नसलेले, ओल्या फरशीवर न घसरणारे आणि ओल्या फडक्याने पुसता येणारे असावेत. रबरी क्रॉक्समध्ये भोकांचा आणि बिनभोकांचा असे दोन्ही प्रकार मिळतात; दुसराच घ्यावा आणि त्याला टाचेचा पट्टा असावा, म्हणजे कोड ब्लूला, रुग्णाचे हृदय बंद पडल्याची हाक आली की, पळताना पाय निसटत नाही. खरेदीला संध्याकाळी जावे. दिवसभर उभे राहून पाय सुजतात, आणि सकाळी बरोबर बसलेला बूट रात्री चावतो. पावसात भिजत आलेला बूट वॉर्डात वापरू नये, त्यासाठी रुग्णालयात एक वेगळा जोड ठेवावा. पोटऱ्या भरून येत असतील किंवा घरात शिरा फुगण्याचा त्रास असेल, तर १५ ते २० एमएमएचजी दाबाचे मोजे पहिल्या महिन्यापासून वापरावेत.

ओपीडी आणि वॉर्ड

जिथे स्क्रब चालत नाही, तिथे पुरुषांनी अर्ध्या बाह्यांचा सुती शर्ट आणि साधी पँट, तर स्त्रियांनी कोपरापर्यंत बाह्यांचा कुर्ता आणि घोट्याच्या वर राहणारी सलवार किंवा पँट घालावी. टाय घालू नये, तो रुग्णाच्या अंगावर लोंबतो आणि कधीच धुतला जात नाही. ओढणी घ्यायचीच असेल तर दोन्ही खांद्यांवर पिनांनी बसवून एप्रनच्या आत घ्यावी. साडी नेसून ओपीडी करणाऱ्या ज्येष्ठ बाईंविषयी मला आदर आहे, पण त्यांना रात्री दोन वाजता स्ट्रेचर ढकलावे लागत नाही. तपासताना पदर खाटेला लागतोच लागतो.

एप्रन अर्ध्या बाह्यांचाच असावा. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेने २००७ साली कोपराखाली काहीही नको, असा नियम केला. बाही, घड्याळ, अंगठी यांच्यामुळे मनगट नीट धुतले जात नाही, एवढे साधे कारण त्यामागे होते. आपल्याकडे काही विभागांत अजूनही पूर्ण बाह्यांचा आग्रह असतो. तिथे वाद न घालता बाह्या कोपरापर्यंत दुमडून हात धुवावेत आणि कफ रोज तपासावेत, कारण एप्रन सर्वांत आधी कफांवर आणि खिशांच्या तोंडाशी मळतो. बालरोग विभागात पांढरा एप्रन पाहून मुले रडतात आणि मानसोपचार विभागात तो संवादाच्या आड येतो. म्हणून या दोन ठिकाणी तो बहुधा उतरवून ठेवतात.

आता नावाच्या पट्टीविषयी. आपल्या सीमाभागात तिचे महत्त्व इतर ठिकाणांपेक्षा जास्त आहे. एकाच ओपीडीत खानापूर, निपाणी आणि पलीकडच्या चंदगडहून आलेला मराठी माणूस असतो आणि त्याच्याच शेजारी गोकाक, बैलहोंगल, सौंदत्तीचा कन्नड माणूस बसलेला असतो. मला तपासणी पूर्ण झाल्यावर एका आजींनी विचारले होते, “सिस्टर, डॉक्टर कवा येतील ओ?” आणि त्याच आठवड्यात दुसऱ्या खाटेवरून तोच प्रश्न कन्नडमधून आला, “डॉक्टर यावाग बर्तार्री?” बाईमाणूस म्हणजे सिस्टर, ही समजूत एका दिवसात जाणार नाही. सिस्टरांचे काम कमी मोलाचे आहे म्हणून हे मनाला लागत नाही. आपल्याला डॉक्टरांनी तपासलेच नाही, असे मनात धरून रुग्ण घरी जातो आणि सांगितलेले औषध घेत नाही, हा त्यातला खरा तोटा आहे. म्हणून पट्टीवर ‘डॉक्टर’ हा शब्द आणि आपले नाव मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तिन्ही लिप्यांत, दोन हात अंतरावरून वाचता येईल अशा जाड अक्षरांत करून घ्यावे, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी तपासणीआधी तोंडाने सांगावे, “नमस्कार आजी, मी डॉक्टर आहे, तुम्हाला तपासते.” कन्नड रुग्णांसाठी एवढे वाक्य कन्नडमधूनही पाठ करून ठेवावे. ओळखपत्र गळ्यात दोरीने लटकवण्याऐवजी क्लिपने छातीवर लावावे. दोरी जखमेवर लोंबते आणि बेभान रुग्ण ती धरून ओढू शकतो.

दागिने, केस, नखे

अंगठी, बांगड्या, मनगटावरचा धागा आणि घड्याळ कामावर नसावे. घड्याळ हवेच असेल तर छातीवर उलटे लावायचे मिळते. नव्याने लग्न झालेल्या मुलींसाठी हिरवा चुडा आणि मंगळसूत्र हा नाजूक प्रश्न असतो आणि घरच्यांशी तो रुजू होण्यापूर्वीच बोलून घ्यावा. हात धुताना बांगड्यांखालची कातडी धुतली जात नाही, हे सासूबाईंना शांतपणे समजावले तर बहुतेक घरांत पटते, असा माझा अनुभव आहे. मंगळसूत्र आखूड करून कपड्यांच्या आत घालावे. ओटीत आणि एमआरआयच्या खोलीत ते काढलेच पाहिजे, तेव्हा त्यासाठी चेन असलेली लहान पिशवी बाळगावी. कपाळावरची टिकली ओटीत शिरण्यापूर्वी काढावी, कारण घामाने ती निसटून थेट निर्जंतुक कापडावर पडू शकते. हिजाब वापरणाऱ्या डॉक्टरांनी ओटीसाठी सुती, घट्ट बसणारे, रोज धुतलेले वेगळे शिरोवस्त्र ठेवून त्यावर टोपी घालावी. नखे कापलेली आणि बिनरंगाची असावीत. दाढी असेल तर एन-९५ मास्क गालाला नीट चिकटत नाही, म्हणून क्षयरोगाच्या वॉर्डात पोस्टिंग असताना ती काढणेच सुरक्षित.

ओटी, लेबररूम आणि एक्स-रे

ओटीचे कपडे ओटीतच चढवावेत आणि ओटीतच उतरवावेत. त्याच कपड्यांत कॅन्टीनला जाऊन पुन्हा आत येऊ नये. टोपीखालून एकही बट बाहेर नसावी आणि मास्क नाकाखाली उतरलेला नसावा. लेबररूममध्ये, म्हणजे प्रसूतीच्या खोलीत, मात्र नुसता स्क्रब अपुरा पडतो. पाण्याची पिशवी फुटते तेव्हा उभ्या माणसाचे पाय गुडघ्यांपर्यंत भिजतात. म्हणून तिथे गमबूट, प्लॅस्टिकचा लांब एप्रन आणि डोळ्यांना गॉगल, तिन्ही रोज घालावेत. ‘एवढ्या एका प्रसूतीला कशाला’ असे वाटते, त्याच प्रसूतीत रक्त डोळ्यांत उडते. हेपॅटायटिस-बी लसीचे ०, १ आणि ६ महिन्यांचे तिन्ही डोस रुजू होण्याआधी पूर्ण असावेत. रक्त डोळ्यांत गेले तर भरपूर पाण्याने डोळे धुवावेत, सुई टोचली तर साबण-पाण्याने जागा धुवावी आणि लगेच कळवावे. एचआयव्ही-प्रतिबंधक औषध जितके लवकर तितके बरे, आणि ७२ तासांच्या आत तरी सुरू व्हावेच लागते.

एक्स-रे आणि सी-आर्म (ओटीतले फिरते एक्स-रे यंत्र) यांच्याजवळ शिशाचा एप्रन घालावा, अंगावर पडलेले किरण मोजणारा टीएलडी बॅज त्याच्या आत छातीवर लावावा, आणि काम झाल्यावर एप्रन घडी न करता टांगून ठेवावा. घडीच्या रेषेवर शिशाच्या थराला भेगा पडतात आणि त्या बाहेरून दिसत नाहीत.

थंडीसाठी एवढेच: डिसेंबर-जानेवारीच्या रात्री स्क्रबच्या आत सुती थर्मल आणि वर बिनबाह्यांचा स्वेटर घालावा. पूर्ण बाह्यांच्या स्वेटरची मनगटे महिनाभर धुतली जात नाहीत.

धुणे, डाग, वाळवणे

ड्युटी संपल्यावर मळके कपडे वेगळ्या प्लॅस्टिक पिशवीत बांधून खोलीवर न्यावेत आणि घरच्या कपड्यांत न मिसळता स्वतंत्र बादलीत धुवावेत. रक्ताने चिंब भिजलेला कपडा खोलीवर नेऊच नये, तो रुग्णालयाच्या लाँड्रीत द्यावा. थोडा डाग असेल तर आधी थंड पाणी, कारण गरम पाण्याने रक्तातील प्रथिने गोठून डाग कायमचा बसतो. पांढऱ्या एप्रनवर राहिलेला डाग हायड्रोजन पेरॉक्साइडने निघतो. रंगीत कापडावर ते आधी आतल्या शिवणीवर लावून पाहावे. बेटाडिनचा पिवळा-तपकिरी डाग साबणाने हटत नाही, पण व्हिटॅमिन-सीची गोळी पाण्यात विरघळवून ते पाणी लावले की आयोडीनचा रंग डोळ्यांदेखत उडतो. ब्लीच आणि ॲसिड कधीही एकत्र करू नये, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

डाग गेल्यावर ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात साबणासह किमान १० मिनिटे धुतल्यास बहुतेक जंतू नष्ट होतात. वॉशिंग मशीन असेल तर ते तापमान लावावे. बादलीच असेल तर गिझरचे कडकडीत पाणी घेऊन काठीने ढवळावे. मशीनमध्ये पिळण्याची फेरी दोनदा द्यावी. मशीन नसेल तर पिळलेला एप्रन कोरड्या टॉवेलमध्ये गुंडाळून टॉवेलसकट पुन्हा पिळावा, अर्धे पाणी त्यातच निघून जाते. नंतर तो दोरीवर दुमडून न टाकता रुंद हँगरला लावून पंख्याखाली टांगावा, दोन हँगरांमध्ये हातभर अंतर ठेवावे आणि बाथरूममध्ये कधीच वाळत घालू नये. सकाळी किंचित दमट असेल तर कडक इस्त्री फिरवावी, त्याने ओल जाते आणि राहिलेले जंतूही मरतात. टांगण्यापूर्वी सगळे खिसे उलटे करून बाहेर काढावेत. कापड वाळले तरी खिशांचे दुहेरी कोपरे ओलेच राहतात, आणि तो कुबट वास तिथूनच सुरू होतो.